चौथी सुटली, पाचवी हायस्कुलात: पोटातल्या गोळ्याचं काय करायचं?

मी माणदेशातल्या एका तालुक्याच्या गावी हायस्कुलात पाचवीची वर्गशिक्षिका आहे. दर जूनला माझ्या वर्गात आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरून, जिल्हा परिषदेच्या शाळांतून चौथी झालेली मुलं येतात. त्यांची आधीची शाळा बहुतेक द्विशिक्षकी. सगळा पट मिळून वीस-पंचवीस, आपल्या वर्गाला सगळे विषय शिकवायला एकच गुरुजी, आणि मधल्या सुट्टीत घरी जाऊन पाणी पिऊन आलं तरी कुणी काही म्हणत नाही. तिथून उठून ती माझ्याकडं येतात, तर एका वर्गात साठ मुलं, दर पस्तीस मिनिटांनी घंटा, प्रत्येक तासाला नवा माणूस, वर हिंदी हा नवा विषय आणि घर एसटीच्या अंतरावर. पोटात गोळा नाही आला तरच नवल.

अशा मुलांच्या घरच्यांना आणि पाचवी सांभाळणाऱ्या शिक्षकांना उपयोगी पडेल ते इथं लिहिते. गावातच शाळा बदलणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

पुढचं सगळं ज्यावर उभं आहे ते आधी सांगते. जूनमध्ये मुलं अभ्यासाला घाबरत नाहीत. अभ्यासाची भीती दिवाळीच्या आसपास येते, सत्र परीक्षेबरोबर. जूनमधली भीती असते ती मुतारी कुठं आहे याची, डबा कुणाबरोबर खायचा याची, गाडी चुकली तर काय याची, आणि "मॅडम" म्हणायचं की "बाई" याची. या सगळ्या प्रश्नांना उत्तरं आहेत. ती द्यायची सोडून आपण धीर देत बसतो. माझं मत असं, की धीर कमी द्या आणि माहिती जास्त द्या.

भीती नेमकी कुठं बसलीय

"घाबरतोयस का रे?" असं विचारलं की पोरगं "न्हाई" म्हणतं आणि विषय संपतो. समोर बसवून, डोळ्यांत बघून विचारलं तर तेवढंही बोलत नाही. त्यापेक्षा हाताला काम असताना विचारा. शेंगा फोडताना, शेळ्यांना पाला घालताना, भाकरी थापताना. आणि भीतीबद्दल विचारूच नका. "सोमवारी सकाळी उठल्यापासून काय काय होणार, सांग बघू मला," एवढंच म्हणा. मग ऐकत राहा. जिथं सांगणं अडखळेल, किंवा "मग शाळा सुटणार" अशी एकदम उडी मारली जाईल, तिथं भीती बसलेली असते.

एका मुलीच्या आजीनं मला असंच सांगितलं. नात घडाघडा बोलत होती. गाडी आली, खिडकीला बसले, स्टँडवर उतरले, फाटकातून आत गेले. आणि परिपाठापाशी गप्प झाली. थोडं थांबून आजीनं "मग?" म्हटलं, तेव्हा कळलं की अडचण बुटांची आहे. चौथीपर्यंत सगळी शाळा चपलेवर झालेली. हायस्कुलात काळे बूट, तेही लेसचे. परिपाठाला रांगेत उभं असताना लेस सुटली आणि सगळ्यांपुढं बांधता आली नाही तर? आजीला लेस बांधायची माहीत नव्हती, आईला रानातून यायला अंधार पडायचा. शेवटी शेजारच्या कॉलेजला जाणाऱ्या पोरानं उंबऱ्यावर बसवून शिकवली. एका बोटाभोवती गुंडाळायची पद्धत तिला जमेना, म्हणून त्यानं सोपी दाखवली: दोन्ही नाड्यांचे दोन कान करायचे आणि त्या कानांचीच साधी गाठ मारायची. दोन संध्याकाळी सराव केला आणि पोरगी निवांत झाली. या मुलीला "तू हुशार आहेस, सगळं छान होईल" असं कितीही वेळा सांगितलं असतं तरी तिच्या बुटाची लेस सुटीच राहिली असती.

सगळ्याच मुलांची अडचण इतकी सोपी निघेल असं नाही. पण निम्म्याहून जास्त वेळा ती अशीच काहीतरी असते, हा माझा अनुभव.

दाखला द्यायला जाताना पोराला बरोबर न्या

प्रवेशासाठी दाखला घेऊन वडील एकटेच येतात, सही करतात आणि जातात. त्याच फेरीत मुलाला आणलं तर निम्मं काम होतं. बहुतेक ठिकाणी मे महिन्यातही ऑफिस काही तास उघडं असतं, शिपाई मामा असतातच. शाळा रिकामी असताना बघितलेली बरी. पहिल्या दिवशी हजारभर पोरांच्या गर्दीत काहीच दिसत नाही.

काय बघायचं? पाचवीचे वर्ग कुठल्या बाजूला आहेत, मुलींची आणि मुलांची मुतारी, पिण्याच्या पाण्याची टाकी, ऑफिस, आणि शाळा सुटल्यावर कुठल्या फाटकातून बाहेर पडायचं. मुतारीपर्यंत नुसतं बोट दाखवून थांबू नका. आत जाऊन कडी लावायला आणि काढायला सांगा. कडी घट्ट असते, हात पुरत नाही, आत अडकलो तर काय, या भीतीनं दिवसभर पाणीच न पिणाऱ्या मुली मी दरवर्षी बघते. मग चार वाजता डोकं दुखतं आणि घरी वाटतं की पोरीला शाळा मानवत नाही.

आणखी एक करा. पाणी कुठं मिळतं हे तुम्ही विचारू नका, त्याला विचारायला लावा. "मामा, पाणी कुठाय?" एवढंच. अनोळखी माणसाला त्यानं एक प्रश्न विचारला आणि त्याला नीट उत्तर मिळालं, ही गोष्ट पहिल्या दिवशी फार कामाला येते.

गणवेश आणि बूट आधी एकदा धुवून-घालून बघा. नव्या कापडाची कॉलर टोचते, बूट चावतात, आणि पहिल्या दिवशी ते सहन करायची ताकद नसते.

गाडीची रंगीत तालीम

वस्तीवरच्या मुलांची सगळ्यात मोठी धास्ती गाडीची. शाळा सुरू व्हायच्या आधी एकदा त्याच वेळेच्या एसटीनं जाऊन या, बाजाराच्या निमित्तानं चालेल. जाताना तुम्ही पुढं, येताना त्याला पुढं करा. कुठं उभं राहायचं, पाटी वाचायची, कंडक्टरला गावाचं नाव मोठ्यानं सांगायचं, हे त्याला करू दे.

गाडी चुकली तर काय, याचं उत्तर आधीच ठरवा आणि त्याच्याकडून वदवून घ्या. आमच्याकडं मी तीन गोष्टी पाठ करायला लावते. एक, घरच्या दोन माणसांचे मोबाइल नंबर, तोंडपाठ, वहीच्या मागं लिहिलेले वेगळे. दुसरं, स्टँडजवळचं ओळखीचं एक दुकान, जिथं जाऊन थांबायचं आणि फोन लावायचा. तिसरं, अनोळखी माणसाच्या मोटारसायकलवर बसायचं नाही. वडापनं, म्हणजे खासगी जीपनं यायचं का, हे घरच्यांनी ठरवायचं, पोरानं स्टँडवर उभं राहून ठरवायचं नाही.

पासची काळजीही मुलांना असते, आपल्याला ती किरकोळ वाटते. ग्रामीण भागातल्या मुलींना पाचवीपासून बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा प्रवास मोफत आहे. मुलांना सवलतीचा मासिक पास मिळतो. अलीकडं एसटीनं पास शाळेतच द्यायला सुरुवात केली आहे, त्यामुळं स्टँडवरच्या खिडकीपुढं ताटकळणं कमी झालं. तरी पहिले काही दिवस पास हातात नसतो. तेवढ्या दिवसांचे सुट्टे पैसे दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवा आणि ते तिथं आहेत हे पोराला दाखवून ठेवा.

घरात काय बोलू नये

"आता तिथं सर लोक तुला सरळ करत्यात." हे वाक्य मी पालकांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की विचारू नका. सुट्टीत पोरगं ऐकत नाही म्हणून मेभर शाळेचा बागुलबुवा दाखवायचा आणि जूनमध्ये विचारायचं, शाळेला का जात नाहीस? शिवाय ते खोटंही आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेत मुलाला मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे. हे मुलाला सांगा. "कुणी मारलं तर घरी येऊन सांगायचं, आम्ही बघू," असंही सांगा.

"तुझी ताई बघ, पहिल्या दिवसापासून एकटी गेली." ताई पण रडली होती. मीच तिची वर्गशिक्षिका होते.

"घाबरायचं काय त्यात!" यानं भीती जात नाही, ती सांगायची बंद होते. त्याऐवजी "पहिल्या दिवशी सगळ्यांनाच असं होतं, पाचवीतल्या साठच्या साठ पोरांना" असं म्हटलं तर ते खरंही आहे आणि पोराला एकटं पाडतही नाही.

आणि मोठ्या माणसांची आपसातली बोलणी. पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली, नापास करणार म्हणे, अशी चर्चा पोरांच्या कानावर अर्धवट पडते. परीक्षा आहे हे खरं, पण त्यात मागं पडलेल्याला पुन्हा परीक्षेची संधी आहे आणि ती सगळी गोष्ट वर्षाच्या शेवटची आहे. जूनमध्ये तिचं नावही काढायची गरज नाही.

सकाळी पोट दुखतं तेव्हा

हे नाटक नसतं, हे आधी डोक्यात पक्कं करा. भीती वाटली की शरीर पळायच्या तयारीला लागतं. अ‍ॅड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, रक्त हातापायांच्या स्नायूंकडं वळतं आणि पचन मंदावतं. म्हणून मळमळतं, पोटात कळ येते, सारखं परसाकडं जावंसं वाटतं. दुखणं खरं असतं, फक्त त्याचं कारण पोटात नसतं.

करायचं काय? रात्री लवकर झोप, ही पहिली गोष्ट. मेमध्ये लग्नं, हळदी, क्रिकेटचे सामने यांत पोरं बारा-बारापर्यंत जागतात. शाळा बहुतेक महाराष्ट्रात जूनच्या मध्याला उघडते, विदर्भात उन्हामुळं थोडी उशिरा. त्याच्या आठवडाभर आधीपासून रोज थोडं थोडं आधी झोपवायला आणि आधी उठवायला लागा. आदल्या रात्री एकदम नऊला झोप म्हटलं तर पोरगं अंधारात डोळे उघडे ठेवून पडतं, आणि अंधारात भीती वाढते.

सकाळी पोटभर चपाती-भाजी कोंबू नका. अर्धी भाकरी-दूध, केळं, जे जाईल ते. दप्तर रात्रीच भरलेलं असू दे.

श्वासाचा एक उपाय आहे आणि तो खरोखर चालतो. बशीतला चहा गार करायला आपण जशी लांब, हळू फुंकर घालतो, तसा श्वास सोडायचा. चार मोजत आत घ्यायचा, सहा-सात मोजत बाहेर सोडायचा. बाहेर सोडणं लांबलं की छातीची धडधड हळू होते. पण हे आधी रात्री, निवांत असताना शिकवा. गाडी फाट्यावर आलीय, पोरगं रडतंय आणि आई म्हणतीय "श्वास घे, श्वास घे", यानं काही होत नाही.

आता सगळ्यात अवघड भाग. "राहू दे आजच्या दिवस," असं म्हणू नका. सकाळी पोट दुखतं, गाडी निघून जाते, दहा वाजता पोट थांबतं. पोराला यातून एवढंच कळतं की घरी राहिलं की बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी पोट जास्त दुखतं, तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. उशीर झाला तरी चालेल, पण पाठवा. फारच झालं तर मधल्या सुट्टीपर्यंत बसेल असं वर्गशिक्षकांशी बोलून ठरवा आणि रोज एक-दोन तास वाढवत न्या. मी अशा मुलांना हजेरीवरून कधी बोलत नाही, आणि कुठल्याही समजूतदार शिक्षकानं बोलू नये. घरी ठेवायचीच वेळ आली तर टीव्ही-मोबाइल बंद. घरी राहणं ही चैन होऊ द्यायची नाही.

फाटकात सोडायला आलात तर निरोप छोटा ठेवा. "चारला हितंच उभा आहे," म्हणा आणि वळा. आमच्याकडं दरवर्षी दोन-चार वडील वर्गाच्या खिडकीशी उभे असतात. पोरगं फळ्याकडं बघायचं सोडून खिडकीकडं बघतं, आणि वडील हलले की रडतं. मग मला बाहेर जाऊन वडिलांनाच समजवावं लागतं. आणि चारला म्हणालात तर चारलाच या.

वर्गात आम्ही काय करावं

शिक्षकांसाठी थोडं. पहिल्या दिवशी एकेकाला उभं करून "नाव सांग, गाव सांग, मोठेपणी कोण होणार" हा कार्यक्रम बंद करा. ज्याला घशातून आवाज निघत नाही त्याच्यासाठी ती शिक्षा असते. मी शेजारच्याची ओळख शेजाऱ्याला करून द्यायला सांगते, तीही बसल्या जागी, आणि मी बाकांमधून फिरत ऐकते.

पहिल्याच तासाला मुतारीचा नियम सांगून टाका. माझा नियम असा की विचारायची लाज वाटली तर नुसती करंगळी वर करायची, मी मान हलवली की जायचं. एवढ्यानं निम्मा वर्ग सैल होतो, खांदे खाली येताना दिसतात.

वेळापत्रक फळ्यावर लिहून प्रत्येक विषयापुढं शिकवणाऱ्याचं नाव आणि एखादी खूण लिहा: गणिताचे सर, उंच, चष्मा, हिंदीच्या मॅडम, हसतात. घंटा झाली की आता कोण येणार हे माहीत असलं म्हणजे दाराकडं बघत धडधडत बसावं लागत नाही.

एका वाडीची मुलं पहिला आठवडा शेजारी बसू द्या. नंतर हळूहळू जागा बदला. आणि सहावीतलं एखादं त्याच गाडीचं पोरगं नव्यांच्या जोडीला द्या. मोठ्या माणसाच्या दहा सूचनांपेक्षा "चल, मी दावतो" जास्त लागू पडतं.

जुलै-ऑगस्टच्या सुमारास पायाभूत चाचणी असते. ती मागच्या इयत्तेचं काय आठवतं हे बघायला आहे, पास-नापास करायला नाही, हे कागद वाटायच्या आधी दोन-तीन दिवस सांगा. मोठ्यानं वाचायला पहिल्या आठवड्यात कुणालाही उठवू नका.

आमच्या भागात एक वेगळंच पोर वर्गात येतं. इकडची बरीच कुटुंबं सोन्या-चांदीच्या गलाईच्या, म्हणजे ते वितळवून शुद्ध करायच्या धंद्यात तमिळनाडू, केरळ, उत्तरेत कुठं कुठं पसरलीत. पाचवीला पोराला आजी-आजोबांकडं गावी ठेवतात. तो घरात मराठी बोललेला असतो, पण शाळा तमिळ नाहीतर इंग्रजीत झालेली. मराठी वाचता येत नाही, हे वर्गाला कळू नये म्हणून तो पुस्तक उघडून ओठ हलवत बसतो. असा कोयंबतूरहून आलेला एक मुलगा माझ्याकडं होता. त्याला मराठीच्या तासाला काही विचारलंच नाही. गणिताच्या तासाला फळ्यावर बोलवायला सरांना सांगितलं. गुणाकार त्याला सगळ्यांच्या आधी यायचे. चार पोरं त्याच्याकडं गणित विचारायला जाऊ लागली आणि त्यातल्याच एकानं मधल्या सुट्टीत त्याला जोडाक्षरं शिकवली, मोबदल्यात तमिळमधले आकडे शिकून घेतले. महिनाभर आमच्या वर्गात हजेरी "ओन्रु, इरण्डु" अशी चालली होती. मीही शिकले.

केव्हा वाट बघत थांबायचं नाही

पहिल्या दोन आठवड्यांतलं रडणं-दुखणं बहुतेक आपोआप ओसरतं. आषाढी नाहीतर बेंदराच्या (बैलांच्या सणाच्या) सुट्टीनंतरच्या सकाळी ते पुन्हा डोकं वर काढतं, त्यालाही घाबरू नका, तोच कित्ता पुन्हा गिरवा.

पण पोट रविवारीही दुखत असेल, रात्री झोपेतून उठवत असेल, ताप, उलट्या असतील, वजन उतरत असेल, तर ती भीती समजून बसू नका, डॉक्टरांना दाखवा. तीन आठवडे उलटूनही पोरगं खात नाही, झोपत नाही, शाळेचं नाव काढताच थरथरतं, तर समुपदेशकाची मदत घ्या. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा विभाग असतो. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. आणि जे मूल मजेत शाळेत जात होतं ते अचानक जायला तयार होत नसेल, एखाद्या माणसाचं नाव निघताच गप्प होत असेल, तर तिथं श्वासाचे व्यायाम करत बसायचं नाही. काय झालं ते शांतपणे विचारायचं, त्याचं म्हणणं खरं मानायचं, मुख्याध्यापकांना भेटायचं आणि गरज पडली तर १०९८ या चाइल्डलाइनला फोन करायचा.

पालक सभा साधारण जुलैमध्ये असते. तिथं "अभ्यास करतोय का?" हा प्रश्न सगळेच विचारतात. तुम्ही वर्गशिक्षकांना विचारा, "मधल्या सुट्टीत कुणाबरोबर डबा खातो?" नाव सांगता आलं तर निर्धास्त घरी जा. सांगता आलं नाही, तर दोन दिवस लक्ष ठेवून फोन करायला सांगा. साठ मुलांत आमच्या नजरेतून एखादं सुटतं, आणि असं कुणी विचारलं की मी दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये न जाता व्हरांड्यात उभी राहते.